सूज उतरली, तरी दाढ काढायलाच हवी

वाचकाचे पत्र

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तिची उजवीकडची खालची शेवटची दुधाची दाढ वर्षभर किडलेली आहे. मधल्या काळात दोनदा गाल सुजला आणि दोन्ही वेळा आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या पातळ औषधाने तो उतरला. या वेळी मात्र एका रात्रीत सूज जबड्याखाली पसरली, ताप चढला, तोंड उघडेना आणि पाणीसुद्धा गिळवेना. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात तिला चार दिवस ठेवले. सलाईन, इंजेक्शने, रक्ताच्या तपासण्या आणि सिटी स्कॅन झाले. आत पू साचलेला नाही असे सांगण्यात आले. आता सूज जवळजवळ गेली आहे आणि ती पूर्वीसारखी खेळते. पूर्ण भूल देऊन दाढ काढण्यासाठी पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ आहे, आपोआप पडेल, एवढ्याशा लेकराला भूल कशाला? यजमानांनाही तसेच वाटू लागले आहे. दाढ काढायचीच होती, तर त्या चार दिवसांतच का काढली नाही, आणि आता सूजच नाही तर काढायची कशासाठी? भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का? मला धाकटा मुलगा आहे, दोन वर्षांचा. त्याचीही काळजी वाटते. माझेच दुर्लक्ष झाले असे सारखे मनात येते.

— एक आई, जालना जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. मिळालेली तारीख पाळा. रुग्णालयाला विचारून ती अलीकडे घेता येत असेल तर अवश्य घ्या, पण कोणत्याही परिस्थितीत पुढे ढकलू नका. तारखेच्या आधी ताप किंवा सूज पुन्हा दिसली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, तिला रुग्णालयात न्या. चार दिवसांच्या इंजेक्शनांनी तुमच्या मुलीवरचे संकट टळले आहे, परंतु ते संकट जिथून आले ती जागा अजून तिच्या तोंडात जशीच्या तशी आहे.

हे असे का, ते नीट समजून घेतले तर घरातल्यांना समजावणेही सोपे जाईल. दाढेच्या पोटात एक बारीक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व नसा असतात. कीड तिथवर पोहोचली की तो जिवंत भाग आधी सुजतो, मग मरतो, आणि मेलेल्या भागातला रक्तपुरवठा थांबतो. तोंडातून घेतलेले असो वा शिरेतून दिलेले, प्रतिजैविक औषध शरीरात रक्तावाटेच फिरते, त्यामुळे जिथे रक्तच जात नाही त्या दाढेच्या पोकळीत ते पुरेसे पोहोचू शकत नाही. गालात, जबड्याखाली, गळ्याच्या ऊतींमध्ये पसरलेले जंतू औषधाने मरतात, म्हणून सूज उतरते आणि ताप जातो. पोकळीतले जंतू मात्र तिथेच राहतात, मुळांच्या टोकांतून आणि मुळांच्या दुभागणीतून पुन्हा हाडात झिरपत राहतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा होतो. तुमच्याकडे दोनदा नेमके हेच घडले.

दाढ वर्षभर फारशी दुखली नसेल, तर त्याचेही कारण इथेच आहे. नस मेली की ठणका थांबतो. हिरडीवर एखादी पुटकुळी येते, फुटते, थोडा पू जातो आणि मूल पुन्हा जेवू लागते. आईवडिलांना वाटते की दाढ बरी झाली, आणि तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दुखणे थांबणे हा दाढ मेल्याचा निरोप असू शकतो. हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. तुम्ही दोन्ही वेळा मुलीला डॉक्टरांकडे नेले आणि त्यांनी दिलेले औषध दिले, याला दुर्लक्ष म्हणत नाहीत. औषधाबरोबर दंतवैद्याकडे जाण्याची चिठ्ठी मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. आपल्याकडे सुजलेल्या गालावर प्रतिजैविकांचा एक कोर्स देऊन घरी पाठवण्याची सवय फार रुजली आहे आणि तिने मुलांचे मोठे नुकसान होते. दाढेवर काहीच उपचार न करता असे कोर्स वारंवार दिले, तर त्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढण्याचा धोकाही वाढतो.

आता रुग्णालयात जे झाले त्याविषयी. मुलांच्या जबड्याचे हाड मोठ्यांपेक्षा पातळ आणि सच्छिद्र असते, म्हणून दातातला संसर्ग हाडाबाहेर लवकर पडतो. वरच्या दातांचा असेल तर तो डोळ्याकडे चढतो, खालच्या दाढांचा असेल तर गालात आणि जबड्याखाली उतरतो. तुमच्या मुलीला ताप, जबड्याखालची सूज, तोंड न उघडणे आणि गिळता न येणे ही चारही लक्षणे एकत्र होती. यांतले एखादे लक्षणसुद्धा मुलाला रुग्णालयात पाठवण्यास पुरेसे असते. जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंना आणि जिभेखाली पसरली, तर जीभ वर व मागे ढकलली जाऊन श्वासाची वाट बंद होऊ शकते. या अवस्थेचे वर्णन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये केले आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके येण्यापूर्वी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. आज वेळेत दाखल झालेली बहुतेक मुले वाचतात, आणि तुम्ही तिला वेळेत नेलेत.

दाखल झाल्यावर सलाईन लावले, कारण पाणी न गिळणारे तापाचे मूल काही तासांतच कोरडे पडते. शिरेतून प्रतिजैविके दिली, कारण तोंडातल्या अशा संसर्गात अनेक प्रकारचे जंतू एकत्र असतात, त्यांतले बरेचसे प्राणवायूशिवाय वाढणारे असतात, आणि मूल गिळू शकत नसताना तोंडाच्या औषधावर विसंबता येत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणारे एक प्रथिन) तपासले, ते संसर्गाचा जोर मोजण्यासाठी आणि पुढे तो उतरतो आहे की नाही हे पाहण्यासाठी. सिटी स्कॅनचा खर्च आणि किरणे यांमुळे तुम्हाला ते खटकले असेल, पण जबड्याखालची सूज नुसती घट्ट फुगलेली आहे की तिच्यात पूचा कप्पा तयार झाला आहे, आणि श्वासनलिकेवर दाब येतो आहे का, हे खोलवरच्या सुजेत बोटाने चाचपून खात्रीने कळत नाही. पू असता तर जबड्याच्या कडेखाली छोटा छेद देऊन तो काढावा लागला असता आणि दोनचार दिवस रबराची नळी ठेवावी लागली असती. पू नव्हता, म्हणून छेद टळला.

मग त्याच वेळी दाढ का काढली नाही? तुमचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘सूज असताना दात काढायचा नाही’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येते, आणि खेदाची गोष्ट अशी की काही दवाखान्यांतही ते ऐकायला मिळते. त्याच्या मुळाशी थोडे तथ्य आहे. संसर्ग झालेल्या भागात आम्लता वाढते आणि हिरडीत दिलेले बधिरतेचे इंजेक्शन तिथे नीट काम करत नाही, त्यामुळे सुजेत दाढ काढताना रुग्णाला असह्य वेदना होत. शिवाय प्रतिजैविके नव्हती त्या काळात दात काढल्याने संसर्ग पसरेल, अशी भीती वैद्यांनाही वाटत असे. आज यातले काहीच आडवे येत नाही. पूर्ण भूल देता येते, शिरेतून औषधे देता येतात, आणि दाढ काढल्यावर तिच्या रिकाम्या खळगीतून आतला दाब व पू बाहेर पडायला वाट मिळते, ज्याने सूज उलट लवकर उतरते. म्हणून गंभीर संसर्ग असलेल्या मुलाची स्थिती सावरली की शक्य तितक्या लवकर, अनेकदा पहिल्या एकदोन दिवसांतच, दाढ काढावी असे माझे मत आहे, आणि बालदंतवैद्यकात काम करणाऱ्या बहुतेकांचा कलही आता तसाच आहे.

तरीही तुमच्या डॉक्टरांनी थांबणे निष्काळजीपणाचे होते असे मी म्हणणार नाही. तोंड उघडत नसलेल्या आणि गळ्याला सूज असलेल्या मुलाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते. त्यासाठी मुलांच्या कामाचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ, लवचिक दुर्बीण आणि लागलेच तर मुलांचा अतिदक्षता विभाग लागतो. पूचा कप्पा नाही आणि औषधाने सूज उतरते आहे असे दिसल्यावर, तोंड नीट उघडेपर्यंत काही दिवस थांबून सुरक्षितपणे दाढ काढायची, हा निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र तो निर्णय पूर्ण होतो तो दाढ निघाल्यावरच. घरी आलेले मूल खेळू लागते, पाहुणे येतात, शाळा सुरू असते, आणि दिलेली तारीख हुकते. अशी मुले काही महिन्यांनी आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत येताना मी पाहिली आहेत, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

सासूबाईंचा मुद्दा प्रेमापोटीचा आहे आणि त्याचा मान ठेवून उत्तर द्यायला हवे. दुधाचे पुढचे दात सहासात वर्षांच्या सुमारास पडतात, हे त्यांनी घरात पाहिले आहे. परंतु तुमच्या मुलीची ही शेवटची दुधाची दाढ साधारणपणे दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. म्हणजे अजून पाच वर्षे, कदाचित त्याहून अधिक काळ, संसर्ग असलेली दाढ तोंडात ठेवावी लागेल. त्याच दाढेच्या मुळांच्या मधोमध कायमचा दात घडत असतो. वरून सतत पू झिरपत राहिला, तर त्या कायमच्या दाताचे आवरण नीट बनत नाही आणि तो डागाळलेला, खडबडीत, लवकर किडणारा असा उगवू शकतो. दुधाची दाढ काढल्याने कायमच्या दाताला इजा होते अशी भीती लोकांना वाटते, पण सडलेली दाढ ठेवल्याने होणारे नुकसान त्याहून खूप अधिक संभवते.

दाढ काढल्यावर एक गोष्ट मात्र करावी लागेल. सहाव्या वर्षाच्या सुमारास या दाढेच्या अगदी मागे पहिली कायमची दाढ येते. पुढची जागा रिकामी असेल तर ती पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या दाताची जागा खाऊन टाकते. ती जागा राखण्यासाठी तारेचे एक छोटे साधन बसवतात. ते कधी बसवायचे, हे जाण्याआधीच विचारून ठेवा. ही सहाव्या वर्षीची दाढ कोणताही दुधाचा दात न पडता येते, त्यामुळे पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती जन्मभराची आहे, हे घरात सर्वांना सांगून ठेवा.

ही दाढ मुळांचा उपचार करून, वर स्टीलची टोपी बसवून वाचवता आली नसती का, असेही तुमच्या मनात येईल. कीड आत पोहोचली आहे, पण मुळे व भोवतालचे हाड शाबूत आहे, अशा दाढांसाठी तो उत्तम उपचार आहे. जिच्यामुळे तीनदा सूज आली आणि एकदा मूल रुग्णालयात दाखल झाले, ती दाढ वाचवण्याचा आग्रह मी धरणार नाही.

भुलीविषयीची भीती जवळजवळ प्रत्येक आईवडील बोलून दाखवतात. अगदी लहान बाळांना एकदाच, एका तासाहून कमी वेळ दिलेल्या भुलीचा पुढे काय परिणाम होतो, याचा अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून अभ्यास केला. त्या मुलांची पाचव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी घेतली, तेव्हा पूर्ण भूल दिलेल्या आणि जागेपणी फक्त शरीराचा भाग बधिर केलेल्या मुलांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता. तुमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि एक दाढ काढण्याचे काम थोडक्या वेळाचे असते. भूल पूर्णपणे जोखीममुक्त असते असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. परंतु निरोगी मुलात, सर्व साधने असलेल्या शस्त्रक्रियागृहात आणि भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती जोखीम फार थोडी असते. सुजलेल्या गळ्यासह मध्यरात्री तातडीने भूल देण्याची वेळ आली, तर ती कितीतरी पटींनी वाढते.

सूज गेली आहे आणि तोंड पूर्ण उघडते आहे, तर नुसते हिरडीत इंजेक्शन देऊन खुर्चीत बसवून दाढ काढता येईल का, हे विचारायला हरकत नाही. काही शांत मुलांत ते जमते. पण चार दिवस सुया सहन केलेले मूल पांढरा कोट पाहूनच थरथरत असेल, तर चौघांनी धरून दाढ उपटण्यापेक्षा भूल देणे माणुसकीचे आहे. धरून केलेला उपचार मुले विसरत नाहीत, आणि मग मोठेपणीही दंतवैद्याकडे जात नाहीत.

भूल द्यायचीच आहे, तर डॉक्टरांना एक विनंती आवर्जून करा. बाकीचे सर्व दात त्याच वेळी तपासून, एक्स-रे काढून, जे किडले असतील त्यांवर एकाच भुलीत उपचार करावेत. एक दाढ इतकी किडली असेल, तर दुसरी कोणती तरी त्या वाटेवर असण्याची शक्यता मोठी असते, आणि दुसऱ्यांदा भूल देण्याची वेळ येऊ नये.

त्या दिवशी सकाळी उपाशी ठेवण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील ती काटेकोरपणे पाळा. साधारणपणे अन्न, दूध आणि बिस्कीट सहा तास आधी आणि नुसते पाणी दोन तास आधी बंद करतात. लेकरू रडते म्हणून आजीने हळूच एक बिस्कीट दिले, तर भुलीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हे सासूबाईंना कारणासह आधीच सांगा. आदल्या दोनतीन दिवसांत सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नका, फोन करून कळवा. घरी दिलेले प्रतिजैविक सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्या. त्याने जुलाब झाले किंवा अंगावर गांधी उठल्या तर लगेच विचारा.

तोपर्यंत लक्ष कशावर ठेवायचे तेही सांगते. गालाची सूज जबड्याच्या कडेखाली उतरणे किंवा डोळा झाकणे, तोंड कमी उघडणे, लाळ गळणे, आवाज दबका होणे, आडवे पडायला नकार देऊन पुढे वाकून बसणे, मान ताठ होणे, उलट्या आणि सुस्ती, बराच वेळ लघवी न होणे, यांतले काहीही दिसले तर उद्या सकाळची वाट पाहू नका. श्वासाचा त्रास वाटला तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. गालाला गरम शेक देऊ नका. दाढेत मशेरी किंवा तंबाखू दाबणे आणि गालावर चुना लावणे हे आपल्या भागात अजून चालते. तंबाखू लहान मुलाला विषारी ठरू शकते आणि चुन्याने कातडी भाजते. लवंगेचे शुद्ध तेलही हिरडी पोळते आणि पोटात गेले तर घातक ठरू शकते.

खर्चामुळे तारीख मागे पडत असेल, तर त्यावरही मार्ग आहे. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि शेजारी मोठे रुग्णालय असल्याचा आधार आहे. आतापर्यंतचे सर्व कागद, स्कॅनसह, सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलीचा कोणता उपचार बसतो, हे शिधापत्रिका दाखवून योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

धाकट्याविषयी. त्याला मांडीवर निजवून वरचा ओठ उचला आणि पुढच्या दातांच्या हिरडीलगत पाहा. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते आणि त्या टप्प्यावर ती फ्लोराइडच्या लेपाने थांबवता येते. तपकिरी खड्डे असतील तर दात भरावे लागतील. रात्री बाटलीने दूध पीत झोपण्याची सवय असेल तर ती सोडवा, दुधात साखर घालू नका, आणि झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या पेस्टने, तांदळाच्या दाण्याएवढीच घेऊन, तुम्ही स्वतः दात घासा. मोठीसाठी वाटाण्याएवढी पेस्ट चालेल, पण तिचेही दात सातआठ वर्षांची होईपर्यंत मोठ्या माणसानेच घासायचे आहेत. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्या तपासणीत दातही असतात, तेव्हा त्यांना मुद्दाम तोंड पाहायला सांगा. मात्र त्या पथकाची वाट पाहत बसू नका. मुलीला दाढ काढण्यासाठी न्याल, त्याच दिवशी त्यालाही बरोबर नेऊन तिथल्या दंतवैद्याला दाखवून घ्या.